आडवी शिडी

वसई, १९ जानेवारी २०२५

प्रिय क्लेमेंटीनबाय,

प्रभूची शांती तुझ्यासोबत आहेच, त्यातली थोडी इकडेही पाठव.

स्टॅनीचं पत्र तुला मिळालं असेल. मला न विचारता त्याने ते टाकलं आणि मग फोन करून म्हणाला, "बायला सगळं लिहिलंय. आता ती सांगेल तसं." मला राग आला नाही. तू मठाच्या जाळीआड असलीस तरी आम्हा दोघांहून मोठी तूच. त्याला आईला वृद्धाश्रमात ठेवायचं आहे आणि मला ते नको आहे. तू म्हणशील ते दोघांनाही मान्य.

त्याने लिहिलेलं खरं आहे. नाताळाआधी मी मागचं फाटक लावायला विसरलो आणि आई एकटीच मागच्या तळ्यापर्यंत, बावखलापर्यंत गेली. पलीकडच्या जॅक्सनने पाहिलं. मला हाक मारून म्हणाला, "अंकल, आजी पाण्यात पाय सोडून बसल्यात. मस्त गाणं म्हणतायत." मी धावलो. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आलास? किती वेळ लावलास रे." त्या पाण्याची खोली तुला ठाऊक आहे.

आईचं विसरणं वयाचं आहे. माझं लहानपणापासूनचं. शाळेत मास्तर मला खडू आणायला पाठवायचे आणि मी तासाभराने चिंचा घेऊन परत यायचो. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण मागच्या वर्षी विहिरीवरची मोटर चालू ठेवून मी चर्चमध्ये मिस्साला गेलो, तिथून मयताला गेलो, आणि संध्याकाळपर्यंत विहिरीला खारं पाणी लागलं. मोगऱ्याची सगळी झाडं गेली. तेव्हा कुणी हसलं नाही.

आता नवीन गोष्ट सांगतो. स्टॅनी-जीनाच्या लेकीला, ॲनिशाला, अभ्यासात अडचण येत होती म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. तिला एडीएचडी आहे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं आहे का? जीना म्हणते, तिघांच्याही तोंडून एकदमच माझं नाव निघालं. मग मलाही नेलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलं की हा आळस नव्हे, बेपर्वाईही नव्हे, मेंदूची घडणच तशी आहे. बाहेर येऊन मी गाडीत बसलो आणि बराच वेळ रोजरीचे मणी नुसतेच हातात धरून ठेवले.

फोनचे गजर माझ्या कामाचे नाहीत. गजर बंद करतो आणि त्याच क्षणी तो कशासाठी होता ते विसरतो. डॉक्टर म्हणाले, आठवण डोक्यात ठेवू नका, वाटेत ठेवा, पायाला अडखळली पाहिजे. तेव्हापासून मोटर चालू केली की मी मागच्या उंबऱ्यावर बादली ठेवतो. मोटर बंद केल्याशिवाय ती उचलायची नाही. आईची गोळी द्यायची असली की स्वयंपाकघराच्या दारात पाट पालथा घालतो. बाय, हे जमतंय. ईस्टरपर्यंत मला मुदत दे. आईने तिची सगळी माणसं याच घरातून पोहोचवली आहेत. तिला परक्या खाटेवर नको पाठवूस.

तुझा
ऑगस्टीन


२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ऑगस्टीन,

तुझं पत्र मठाच्या मदर सुपीरियरनी दुपारच्या प्रार्थनेनंतर हातात दिलं. दोनदा वाचलं. चिंचांचं वाचून हसले, मोगऱ्याचं वाचून नाही.

मुदत दिली. स्टॅनीलाही तसं कळवलं आहे. त्याच्यावर रागावू नकोस. वालीवच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांच्या आवाजात काम करणारा माणूस तो, घरी आल्यावर त्याला भीतीच जास्त ऐकू येते. पण एक लक्षात ठेव. मी आईचा जीव तुझ्या भरवशावर ठेवते आहे, तुझ्या मायेच्या भरवशावर नाही. माया तुझ्याकडे भरपूर आहे. ती फाटकाला कडी लावत नाही.

बादली आणि पाट वाचून मला गंमत वाटली. बाबाही अगदी असंच करायचे. रहाट चालू असला की उंबऱ्यावर बादली, कुणाचं औषध असलं की पाट पालथा. आम्हा मुलांना ओरडून सांगायचे, "उचलू नका रे, ती माझी अक्कल आहे!" तुला हे आईनेच सांगितलं असणार. बाबा गेले तेव्हा तू पाळण्यात होतास. डॉक्टर आता ज्याला नाव देतात ते आपल्या घरात आधीपासूनच राहत होतं म्हणायचं. आळीत मात्र त्यांना वेंधळा म्हणायचे.

पाच मार्चला राखेचा बुधवार, उपवासकाळाची सुरुवात. तेव्हापासून ईस्टरपर्यंत आमच्याकडे पत्रं बंद, हे तुला ठाऊक आहे. आलेली पत्रं मदरच्या कपाटात राहतात. त्याआधी एकदा सविस्तर लिही. खरं लिही, मला बरं वाटेल असं नको.

तुझी
क्लेमेंटीन


वसई, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाय,

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. नाहीतर लिहिणार नव्हतो.

आधी एक. बाबांच्या बादलीचं आईने मला कधीच सांगितलं नव्हतं. आजपर्यंत तिने बाबांविषयी फारसं काही सांगितलेलंच नाही. ही कल्पना माझी मलाच सुचली असं मी समजत होतो. तुझं पत्र वाचलं आणि थोडा वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो.

आता दुसरं. मी न ठेवलेल्या खुणा वाटेत दिसतात.

मागच्या आठवड्यात जेवून थोडा पडलो होतो. उठून मागे आलो तर उंबऱ्यावर बादली. मोटर मी त्या दिवशी लावलीच नव्हती, वीजच नव्हती. तरी सवयीने विहिरीकडे गेलो. वाटेत आई दिसली, फाटकाची कडी काढून बाहेर पडत होती. कडी मी लावली होती, ती तिने काढली. मी आणखी थोडा झोपलो असतो तर ती पाण्यापर्यंत पोहोचली असती. घरात येऊन बादली उचलली. तिच्या तळाला शेवाळ होतं, बावखलात असतं तसं हिरवंगार. ती बादली न्हाणीघराबाहेर कधी जात नाही. म्हणजे उंबऱ्यापर्यंतच जाते.

मग एकदा आईची गोळी देऊन झाल्यावरही पाट पालथा होता. सुलटा केला, पाणी पिऊन आलो तर पुन्हा पालथा. तेव्हा गोळ्यांचं पाकीट पाहिलं. सकाळची द्यायची ती सोडून मी तिला झोपेची देत होतो.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तुम्हीच ठेवत असाल, हात करून जातो आणि मन दुसरीकडे असतं, तुमच्यासारख्यांना हे नेहमीचं. बाय, मला ते पटतं. पटायलाच हवं. किल्ली फ्रीजमध्ये ठेवून दिवसभर शोधणारा माणूस मी. बादली मी ठेवली नाही असं कुणाला शपथेवर कसं सांगू? चोराने घरात येऊन सामान हलवलं तरी मला वाटेल मीच हलवलं.

एवढं सोडलं तर सगळं ठीक. आईला रोज सकाळी मागच्या दाराने नेऊन काठावरच्या धुण्याच्या दगडावर कोवळ्या उन्हात बसवतो. तिला आवडतं. जॅक्सन त्याच्या बाजूने बावखलाचं पाणी टँकरला विकतो, मनवेलपाड्यातल्या बिल्डिंगींना जातं. पाणी फार खाली गेलंय. त्याला म्हटलं, "जरा दमाने घे रे." तर म्हणतो, "अंकल, पाऊस आला की भरेल की." पोरगा वाईट नाही.

हो, आणि कालपासून मागच्या दारात एक बांबूची शिडी आडवी पडलेली आहे. कशासाठी ठेवली ते आठवत नाही. आपल्याकडची शिडी ॲल्युमिनियमची आहे. जॅक्सनला विचारलं, तुझी का? हसला. "बांबूची शिडी आता कोण वापरतं, अंकल?" ज्याची असेल तो नेईल. तोवर आईला हात देऊन ओलांडून नेतो. दोनच दिवसांत इतकी सवय झाली की ती दिसतही नाही.

तुझा
ऑगस्टीन


११ मार्च २०२५

ऑगस्टीन,

हे पत्र मदरच्या परवानगीने, उपवासकाळात. माझ्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तुझं पत्र बुधवारच्या आदल्या संध्याकाळी मिळालं. मदरनी स्वतः तुझा नंबर लावला, रोज लावताहेत. फोन बंद आहे. स्टॅनीचा नंबर माझ्याकडे नाही, त्याच्या पत्रावरही नाही. फोन कुठे ठेवलास बाळा? म्हणून हे स्पीड पोस्टने.

शिडी ओलांडू नकोस. आईला मागच्या दाराने बाहेर नेऊ नकोस. पुढचं वाचण्याआधी उठ, दाराला कडी घाल आणि मग वाच.

बाबांच्या तीन खुणा होत्या. तिसरी मी तुला लिहिली नाही, कारण ती गमतीची नव्हती. मागच्या दारात आडवी शिडी म्हणजे काठ पोकळ झालाय, तिकडे कुणी जायचं नाही. त्या उन्हाळ्यात सगळ्या वाड्यांनी पाणी उपसून बावखल तळाला नेलं होतं. पाणी उतरलं की काठाला आधार राहत नाही. बाबांनी ते ओळखलं आणि आम्हा मुलांसाठी शिडी आडवी टाकली. आम्ही कुणी तिकडे फिरकलो नाही. बाबा मात्र रोज तिच्यावरून ये-जा करत होते, काठाला टेकू लावायला. पहिल्या दिवशी जपून पाय टाकत. मग ती त्यांना दिसेनाशी झाली. एका सकाळी हातात तांब्या घेऊन, गुणगुणत, ते शिडी ओलांडून थेट धुण्याच्या दगडाकडे गेले. मी ओट्यावरून बघत होते. काठ त्यांना घेऊन खाली गेला.

तू लिहिलंस, सवय झाली, दिसतही नाही. ते वाक्य वाचल्यापासून मी नीट जेवलेले नाही.

आणखी एक विचारते. शिडीची एक पायरी सुंभाने बांधलेली आहे का? बाबांच्या शिडीची होती. त्याच शिडीने त्यांना वर काढलं. मयताहून परतल्यावर आईने ती कोयत्याने तोडली आणि माझ्यासमोर चुलीत घातली. तिची राख मी स्वतः केळीखाली टाकली. तेव्हा शिडी कुणाची आहे, हे मला ठाऊक नाही आणि मी विचारही करणार नाही. तू फक्त ओलांडू नकोस.

क्लेमेंटीन


वसई, २१ एप्रिल २०२५, ईस्टरचा सोमवार

प्रिय बाय,

प्रभू खरोखर उठला आहे. यंदा हे शब्द मी चर्चमध्ये सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटले.

मदरना मी फोनवर इतकंच सांगितलं होतं की आम्ही दोघं सुखरूप आहोत. बाकीचं आता सांगतो.

तुझं स्पीड पोस्ट वेळेत आलं. मी सही केली, तुझं अक्षर पाहून आनंद झाला. हात मातीचे होते. हात धुऊन शांतपणे वाचू म्हणून, हरवू नये अशा जागी, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे ठेवलं. हात धुतले. आणि पत्र आलं होतं हेच विसरलो. तांदळाच्या डब्यात फोन होता, तोही नंतर सापडला.

एकोणीस मार्च, संत जोसेफच्या सणाची सकाळ. आईला चहा-पाव दिला, शाल गुंडाळली आणि मागच्या दाराशी आलो. मी एक पाय शिडीपलीकडे टाकलेला, आईचा हात माझ्या हातात. आई पाय उचलेना. म्हटलं, "चल गं, ऊन तापेल." नाही. ओढलं तर चौकट धरून उभी राहिली. तिच्या हातात इतकी ताकद कुठून आली कोण जाणे. मी चिडलो, बाय. म्हटलं, "रोज जातेस ना? आज काय झालं?"

म्हणाली, "तो नको म्हनतो."

"कोण?"

"तुझा बाबा. काय डोळे नाहीत तुला? समोर उभा आहे नि वरून ओरडतोस." मग माझ्यावर रागावली. "पार भिजलाय. जा, पुसायला पंचा आन."

समोर कुणी नव्हतं. वाट होती, केळी होत्या, पलीकडे धुण्याचा दगड. पण आई ज्या नजरेने बघत होती तशी तिने कित्येक महिन्यांत कुणाकडे पाहिलेलं नाही. माझ्याकडेसुद्धा. ओळखीची नजर होती ती. मी पाय मागे घेतला. पंचा आणायला वळलो. खरंच वळलो, का ते मला सांगता येणार नाही.

मोठा आवाज झाला नाही. ओलं पोतं टाकल्यासारखा झाला. मी पंचा घेऊन आलो तेव्हा दगड जागेवर नव्हता. त्याच्या शेजारचा माड हळूहळू कलत होता, कुणी हात धरून बसवावं तसा. मग तोही गेला. फाटकापर्यंतची जमीन गेली. आई म्हणाली, "बघ," आणि माझ्या हातातला पंचा घेऊन पुढे धरला. थोडा वेळ धरला आणि मला परत दिला. बाय, पंचा चिंब झाला होता.

त्यानंतर मी तसबिरीसमोर गुडघ्यावर बसलो आणि तिच्यामागचं तुझं पत्र दिसलं. ते वाचून शिडीपाशी गेलो. एक पायरी सुंभाने बांधलेली होती. सुंभ जुनं होतं, काळं पडलेलं. मी हात लावला नाही. फादरना बोलवायला गेलो. ते आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. पण आम्ही मागच्या दाराशी पोहोचलो तेव्हा शिडी तिथे नव्हती. स्टॅनी म्हणतो, घाईत तूच उचलून कुठेतरी टाकलीस, पाण्यात गेली असेल. असेलही. माझ्या बाबतीत हे उत्तर कायम लागू पडतं.

जॅक्सनने टँकर बंद केला. काठाशी येऊन उभा राहिला आणि आईच्या पाया पडला. आई म्हणाली, "कुनाचा रे तू?"

स्टॅनी मात्र आता ऐकत नाही. म्हणतो, घरामागची जमीन गेली, आता तरी आईला हलवू. त्याचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. मी तुझं पत्र विसरलो, हे त्याला मीच सांगितलं. मुदत संपली आहे. तू सांग.

तुझा
ऑगस्टीन


३० एप्रिल २०२५

प्रिय ऑगस्टीन,

चॅपेलमध्ये बसून मी यावर पुष्कळ विचार केला. उत्तर मिळालं असं म्हणणार नाही.

भरवशाचं बोलायचं तर तू नापास झालास. पत्र विसरलास, आणि ते विसरण्यासारखं पत्र नव्हतं. पण आई स्टॅनीच्या आश्रमात असती तर त्या सकाळी तुला कुणी थांबवलं नसतं, आणि त्या सकाळी कुणी कुणाला थांबवलं हेच मला नीट सांगता येत नाही. मी निवाडा करू शकत नाही. आजवर आपण तिघांनी आईबद्दल लिहिलं, आईला कुणी विचारलं नाही. स्टॅनीला घरी बोलाव. दोघं मिळून तिला विचारा, कुठे राहायचं. ती जे म्हणेल ते, आणि त्यावर दोघांनीही वाद घालायचा नाही.

मागचं दार विटांनी बुजवून घे. बाबांसाठी इथे मिस्सा होत आहेत. शुद्धिस्थानात स्वर्गाची वाट पाहणाऱ्या जिवांना आपल्या प्रार्थनेशिवाय काही लागत नाही, असं मी आयुष्यभर मानत आले आहे. तेच मानायचं आहे.

तुझी
क्लेमेंटीन


वसई, १५ जून २०२५

प्रिय बाय,

मे महिन्यात एका रविवारी मिस्सानंतर स्टॅनी गाडी घेऊन आला. आईचे कपडे भरायला पिशवीही आणली होती. दार मी बुजवलं आहे, ते त्याने हात फिरवून पाहिलं. मग आम्ही दोघं आईसमोर बसलो आणि त्याने विचारलं, "आई, माझ्याबरोबर येतेस? तिथे नर्स आहे, बाग आहे, तुझ्या वयाच्या बाया आहेत."

आई म्हणाली, "मी गेले तर या दोघांचं कोन करील? एकाला काही आठवत नाही नि दुसऱ्याला काही विसरता येत नाही."

स्टॅनीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

जेवणाची वेळ झाली होती. आई हल्ली स्वतः ताटं मांडते. तिने तीन मांडली, भात वाढला, वर कोळंबीचं कालवण. स्टॅनीला वाटलं तिसरं त्याचं. तो हात धुऊन बसला आणि घास उचलणार तोच आईने त्याचं मनगट धरलं. "तुझं जीनाने वाढून ठेवलं असेल. हे त्याचं आहे. उठ." तिने हे इतक्या साधेपणाने म्हटलं की तो खरंच उठला. थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला, त्या ताटाकडे बघत. मग रिकामी पिशवी घेऊन गेला. जाताना मला फाटकाशी म्हणाला, "राहू दे तिला इथेच. आणि मला काही सांगू नकोस."

तर आई इथे आहे. तिची तब्येत बरी आहे, वजनही थोडं वाढलंय. ॲनिशा शनिवारी येते आणि आठवड्याच्या गोळ्या डब्यांत भरून देते. म्हणते, "काका, आपण दोघं मिळून एक पूर्ण डोकं होतो." मी अजून पुष्कळ विसरतो. परवा गॅसवर दूध उतू घालवलं, चष्मा केळीच्या खोडाशी ठेवून आलो. घरात मी न ठेवलेल्या वस्तू आता वाटेत दिसत नाहीत.

आईला एखाद्या दिवशी बरं नसलं की ताटं मला मांडावी लागतात. फादर म्हणाले, आईच्या समाधानासाठी मांडत असशील तर पाप नाही. मी त्यांना होय म्हणालो. जेवून झालं की तिसरं ताट उचलून मोरीत ठेवतो. त्यात काय उरलंय हे पाहत नाही.

पण बाय, ते मांडायला मी आजवर एकदाही विसरलेलो नाही.

तुझा
ऑगस्टीन